हेडाऊभाऊंची निवड प्रक्रिया

सदर भागातल्या ऑफिसात मी बदली होऊन आले, त्या पहिल्याच दिवशी हेडाऊभाऊंनी मला विचारलं, "ताई, घराले कुलूप लावल्यावर किती वेळा ओढून पाहता?"

मी नवीन होते. घाबरून खरं ते सांगून टाकलं. "दोनदा. कधीकधी जिन्यावरून परत येऊन तिसऱ्यांदा."

"मंग तुमाले फास्ट रॉड जमत नाही," ते म्हणाले, माझ्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

पुढचे दोन दिवस मी पडद्याच्या रॉडचा विचार करत होते. तिसऱ्या दिवशी डबा खाताना लेखा शाखेतल्या भुतेबाईंनी उलगडा केला. हा रॉड मासे धरायचा. ज्याचं फक्त टोक वाकतं तो फास्ट, जो निम्म्यापर्यंत वाकतो तो मॉडरेट. फास्ट रॉडवर माशाने गळ तोंडात घेतला की लगेच कळतं आणि लगेच ओढावं लागतं. दोनदा ओढून पाहणारा माणूस मासा लागल्यावर खात्री करायला पुन्हा ओढतो आणि तेवढ्यात मासा सुटतो, असं हेडाऊभाऊंचं म्हणणं. "जाडीने मी मीडियम, लांबी साडेसहा फूट," भुतेबाईंनी रास सांगावी तसं सांगितलं आणि लोणच्याची फोड चोखू लागल्या. आमच्या ऑफिसातल्या एकाही माणसाने आयुष्यात मासा धरला नव्हता. भुतेबाई तर माशाचा वासही घेत नसत. पण आपला रॉड कोणता, हे प्रत्येकाला पाठ होतं.

हेडाऊभाऊ खरेदी शाखेत होते. खुर्च्या, पंखे, फायलींच्या फिती, अग्निशामक नळकांडी, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. उंच, सडपातळ माणूस, शर्टाच्या खिशात चष्म्याची दोन घरं. एक चष्मा कागदांसाठी, दुसरा दोरीसाठी. घराणं मूळ उमरेडचं, विणकरांचं. वडिलांच्या घरी माग होता. भाऊ नोकरीला लागले तेव्हा तो मोडीत गेला, आणि ते सांगताना ते नेहमी खिडकीबाहेर पाहत. राहणं शहराच्या कडेला बेस्याला, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. घरी बायको कुसुमवहिनी. मुलगी पल्लवी लग्न होऊन पुण्याला.

अकरा वर्षांपूर्वी पाय मोडून ते महिनाभर अंथरुणावर होते, तेव्हा कोणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला कुठला तरी तलाव, नावेत उभा असलेला टोपीवाला माणूस, आणि त्याने ओढून काढलेला हिरवट, भल्यामोठ्या जबड्याचा बास मासा. भाऊंनी तो व्हिडिओ मासा बघायला पाहिलाच नाही. त्यांनी त्या माणसाचं मनगट पाहिलं. "काय जोडी जमली होती ताई," ते मला म्हणाले होते. "रॉड, रील अन् दोरी. तिघंबी एकमेकांचं ऐकून राहिले होते." त्या दिवसापासून बासची जोडी जमवणं हे त्यांनी अंगावर घेतलं.

बास आपल्याकडे होत नाही. विदर्भातल्या एकाही तळ्यात नाही. हे मी एकदा धीर करून बोलले.

"ताई," ते शांतपणे म्हणाले, "अग्निशामक यंत्र खरेदी करताना आपण आग कुठी हाय, हे पाहतो का?"

मी माझी फाइल उघडली.

एक मात्र सांगायला हवं, या माणसाला खरंच कळत होतं. रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चरखी, त्यांच्या कानाशी धरलं की आतली चाकं कशी फिरतात ते डोळे मिटून सांगत. बोटाखाली आडवं बसणारं रील कोणाला आणि दांड्याखाली लटकणारं साधं रील कोणाला, यात त्यांची चूक होत नसे. "ज्याले रिक्षावाल्याशी बोलतानाबी घाई होते, त्यानं आडवं घेऊ नाही. दोरीचा असा गुंता होईन का कैचीच लागन." आणि दोरी तर ते ओठावरून फिरवून पाहत. साधी प्लास्टिकची दोरी ताणली जाते, ती मोकळ्या पाण्यासाठी. पाण्यात न दिसणारी दोरी नितळ तळ्यासाठी. आणि बारीक धाग्यांची विणलेली दोरी, जी जराही ताणत नाही, ती शेवाळ आणि गवताच्या पाण्यासाठी. ही विणलेली दोरी हातात आली की भाऊ वेगळेच होत. दोरीचा चष्मा लावून नखाने तिचे धागे मोजत आणि कोणत्या मशीनने घाई केली ते सांगत.

इतकं कळूनही त्यांनी अकरा वर्षांत एकही रॉड पाण्याकडे नेला नव्हता, कारण निवड पूर्ण झाली नव्हती.

घरी फाइल होती. एका बाजूला रॉडची नावं, वर रकाने: लांबी, लवचिकता, मूठ, रीलशी मेळ, दोरीशी मेळ. प्रत्येक नव्या रॉडसाठी नवा तुलनात्मक तक्ता. निवड समिती दोघांची, अध्यक्ष ते आणि सदस्य वहिनी. तक्त्याच्या तळाशी सदस्यांचा अभिप्राय आणि सही. वहिनी सुरुवातीला बसल्याबसल्या काही सांगायला जात, तर भाऊ हात वर करून थांबवत. "तोंडी चालत नाही वं. लिहून दे." अंतिम मंजुरीच्या आदल्या दिवशी हमखास एखादा नवा रॉड बाजारात येई आणि फाइल परत उघडे. आणि न वापरता निवड कशी करणार, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार असे. "पाण्यात घातला का तो वापरलेला माल झाला. मंग नव्या मालाशी त्याची तुलना कशी करता जी? अन्याय होईन." असे तेवीस रॉड बेस्याच्या मागच्या खोलीत उभे होते. एकही भिजलेला नव्हता.

पाण्याशिवाय चाचणी करायची म्हणजे मासा कोणीतरी व्हायला हवं. ते काम ऑफिसात होई, जेवणाच्या सुट्टीत, लांब कॉरिडॉरमध्ये.

"ताई, दोन मिनिट मासा होता का?"

मी दोरीचं टोक मुठीत धरून साडी सावरत चालू लागले. मागून आवाज आला, "मासा असा भाजी घ्याले निघाल्यासारखा जात नाही ताई. तो रागावून पळते." मग मला खरोखरच राग आला आणि मी तरातरा निघाले. मागे रीलचा ब्रेक, त्याला ते ड्रॅग म्हणत, कर्र कर्र सुटत होता. "वा! वा! आता डावीकडं, गवतात घुसा!" मी अभिलेख कक्षात घुसले. तेवढ्यात साहेब बाहेर आले.

आमचे साहेब अंगाने भारदस्त आणि स्वभावाने त्याहून. त्यांनी कॉरिडॉरभर पसरलेली दोरी पाहिली, तिच्या एका टोकाला खरेदी शाखा आणि दुसऱ्या टोकाला मी.

"हे काय चाललंय?"

"साहेब, ड्रॅगची चाचणी चालू हाय," भाऊ उठून उभे राहत म्हणाले. "मॅडम तीन किलोच्या मासा हायेत. मोठा मासा भेटून नाही राहिला."

साहेबांनी हातातली फाइल माझ्याकडे दिली, दोरीचं टोक घेतलं, मनगटाला दोन वेढे दिले आणि जिन्याच्या दिशेने धावत सुटले. मी सरकारी नोकरीत बरंच पाहिलंय, पण तसं काही पुन्हा पाहिलं नाही. भाऊ मागे रेलून रॉड सांभाळत होते, रॉड मुठीपर्यंत वाकला होता, आणि साहेब पहिल्या मजल्यावरून ओरडत होते, "येऊन राहिलो का मी? ओढता का नाही?" परत आले तेव्हा घामाघूम होते आणि चेहरा शाळेतून सुटल्यासारखा. दुसऱ्या दिवशी पावणेदोनला त्यांनी शिपायाकडून निरोप धाडला, आज चाचणी आहे का.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग पल्लवीला दिवस गेले.

त्या सोमवारी भाऊ जागेवर बसून होते आणि समोरच्या कागदावर काहीच लिहीत नव्हते. मी चहा नेऊन ठेवला. त्यांचे डोळे ओले होते.

"पल्लवी म्हणते, बाळंतपणाले येत नाही."

"का हो?"

"येईन म्हणते, पण खोली रिकामी पायजे. नाही तं सासूबाई हायेतच म्हणते."

पोरीचं चुकत नव्हतं. मागच्या दिवाळीत तिच्या नवऱ्याच्या तळपायात गळ रुतला होता. तीन काट्यांचा गळ, तो काढायला डॉक्टरकडे जावं लागलं. त्या खोलीत तान्हं मूल ठेवायचं म्हणजे वेडेपणाच. हे भाऊंनाही पटत होतं. वहिनींनी मधला मार्ग काढला होता: एक रॉड माळ्यावर ठेवा, बाकीचे वाटून टाका. सातवा महिना लागला की पल्लवीला आणायचं, तोवर मुदत.

"मंग ठेवा ना भाऊ एक."

"कोणता?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच कसंतरी झालं. "ताई, पहिलं बाळंतपण माहेरी नाही झालं तं मी कायचा बाप? पण कोणता ठेवू ते तं सांगा. बावीस चुकीचे ठरवल्याशिवाय एक बराबर कसा ठरवू?"

लोकांच्या रॉडचा निकाल ते पाच मिनिटांत लावत आणि स्वतःचं एका काठीपाशी अडलं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

महिनाभर घासाघीस करून त्यांनी तेविसाचे तीन केले. शेवटच्या तिघांसाठी नियम मोडायचं ठरलं. पाण्यात चाचणी. रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या जुन्या गाडीतून उमरेड रोडवरच्या एका तलावावर गेलो. भाऊ, वहिनी, आणि पंच म्हणून मी. बास नाही तर नाही, गवतात राहणारा मरळ त्यातल्या त्यात जवळचा, असं भाऊंनी फाइलवर नोंदवून घेतलं होतं. काठावर एक म्हातारे मासेमार जाळं सोडवत बसले होते. त्यांनी आमची छत्री, सतरंजी, तीन रॉड आणि फाइल पाहिली आणि बिडी पेटवली.

तिघांतल्या एका रॉडवर भाऊंनी विणलेली दोरी चढवली होती. ती कडक आणि चकचकीत दिसत होती. मी विचारलं तेव्हा ते लाजले. विणलेली दोरी वापरून पिसारते, तिचे धागे सुटे होतात, हे त्यांनी वाचलं होतं. मग आदल्या दिवशी त्यांनी तिला भाताची पेज चोळली होती, दोन हात देऊन, उन्हात ताणून वाळवून. घरी मागावर चढवण्याआधी वडील सुताला चोळत तशीच. "सूत पिसारू नाही म्हणून," ते म्हणाले. "दोन्ही सूतच ना शेवटी."

त्यांनी रॉड मागे नेला आणि फेकला. अकरा वर्षांची पहिली फेक. मी आजवर इतकी सुंदर फेक पाहिली नाही. दोरी हवेत सरळ गेली आणि गळाला लावलेला प्लास्टिकचा बेडूक गवताच्या कडेला टुपकन पडला. वहिनींनी नकळत टाळी वाजवली.

मग दोरीच्या कडेने पाणी खदखदायला लागलं. बेडकापाशी काहीच नव्हतं. काठापासून गवतापर्यंत, दोरी जिथून जिथून पाण्यात होती तिथे तिथे, बोटाएवढ्या माशांची रांग लागली. पेज सुटत होती आणि मासे ती खात होते. शेकडो मासे ओळीने पंगतीला बसले होते आणि गळाकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

म्हातारे मासेमार उठले. गुडघाभर पाण्यात उतरले, दोरीच्या खालून टोपली घातली आणि उचलली. टोपली फडफडत होती. त्यांनी दुसऱ्यांदा घातली.

"भाऊ, काय लावलं गा दोरीले?"

"पेज."

"अन् गळ काहून लावला मंग?"

भाऊ दोरी गुंडाळू लागले. म्हाताऱ्यांनी अर्धे मासे आमच्या डब्यात ओतले आणि पुढच्या रविवारी यायचं पक्कं आमंत्रण दिलं. "गळ घरीच ठेवजा," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर वहिनींनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. भाऊंनी फाइलवर लिहिलं, चाचणी अनिर्णित. बाकीचे दोन रॉड पाण्यात गेलेच नाहीत.

पल्लवी रविवारी येणार, त्याच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत तिनाचे तीनच होते. भाऊ फाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "ताई, शेवटची टिप्पणी तुमी लिहा. मी सही करतो. जे लिहान त्याच्यावर."

शेवटची टिप्पणी लिहायची तर पहिल्या पानापासून गोषवारा घ्यायचा, हे मला भाऊंनीच शिकवलं होतं. मी पहिलं पान उघडलं. रॉडच्या नावाखाली भाऊंचं टपोरं अक्षर आणि तळाशी, सदस्यांच्या अभिप्रायात, वहिनींचं बारीक अक्षर. "हातात बरा वाटला. हाच ठेवा. भाजी करपून राहिली, जाते." खाली सही.

दुसरं पान. "पहिलाच बरा होता." सही.

तिसरं. "मागच्या पानावर लिहिलं आहे."

चौथं. "पहिला."

पुढे सगळीकडे नुसतं "पाहिले". अकरा वर्षं, पाहिले, पाहिले, पाहिले.

मी फाइल त्यांच्यासमोर फिरवली. भाऊंनी आधी कागदाचा चष्मा लावला, मग तो काढून दोरीचा लावला, जणू वेगळं काही दिसेल. चारही पानं वाचली. परत वाचली.

"भाऊ, तुम्ही हे वाचलंच नव्हतं?"

"सही हाय का नाही, तेवढं पाहत होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "खरेदीत तेवढंच पाहतात ताई."

त्यांनी माझ्यासमोरच घरी फोन लावला. फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवला होता, की त्यांना बंद करायचं सुचलं नाही, कोण जाणे.

"काहून सांगतलं नाही वं मले?" त्यांचा आवाज फुटला. "अकरा साल झाले."

"लिहून देलं होतं ना," पलीकडून वहिनी म्हणाल्या. त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "तुमीच म्हणे, तोंडी चालत नाही."

मला दोघांचीही फार दया आली, आणि खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त हसू आलं. भाऊंनी फोन ठेवला आणि तेही हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि पुसतच राहिले. मी टिप्पणी लिहिली, एका ओळीची. पहिला रॉड ठेवावा, बाकीचे वाटावेत. त्यांनी सही केली आणि या वेळी सहीच्या वर काय आहे तेही वाचलं.

शनिवारी आम्ही सगळे बेस्याला गेलो. भाऊ मागच्या खोलीच्या दारात उभे राहून एकेक रॉड काढत आणि नाव पुकारत. एकदाही अडखळले नाहीत. साहेबांना सर्वांत जाड, साडेसात फुटी. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, एखादं सन्मानचिन्ह घ्यावं तसा. भुतेबाईंना मीडियम. मला निम्म्यापर्यंत वाकणारा, मऊ. पहिला रॉड खोलीच्या पार मागे सापडला. साधा, रिंगा गंजलेल्या, मुठीचं बूच एका बाजूने झडलेलं. वहिनींनी तो पदराने पुसला आणि स्वतः माळ्यावर ठेवला. संध्याकाळपर्यंत खोली झाडून पुसून झाली. भाऊ गुडघ्यांवर बसून हाताने फरशी चाचपत होते, एखादा गळ राहिला का म्हणून. दोन सापडले. रविवारी पल्लवी आली.

मुलगी झाली, ते मला फोनवर कळलं. पुढच्या आठवड्यात माझी अमरावतीला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी सदरला काही घ्यायला गेले होते. लाकडी सामानाच्या एका दुकानात हेडाऊभाऊ दिसले. पाळणा घ्यायला आले होते. दुकानदार त्यांना आत नेऊ पाहत होता आणि ते दारातच, अगदी उंबऱ्यापाशी ठेवलेल्या पहिल्या पाळण्यावर हात ठेवून उभे होते.

"हाच द्या."

"अजी, हा तं फक्त दाखवाले ठेवला. आत या ना भाऊ, अठरा प्रकारचे हायेत. सागवानी हाय, झुलणारा हाय, चाकाचा हाय..."

"दाखवू नका," भाऊ म्हणाले.

"अजी, पाहाले काय जाते?"

"पाया पडतो जी, दाखवू नका!" भाऊंनी पाळण्यावरचा हात काढून दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकले. दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला खुणेने सांगितलं, देऊन टाका.

ऑटोवाल्याने पाळणा मागच्या सीटवर आडवा घातला. त्याच्या शेजारी उरलेल्या वीतभर जागेत भाऊ अंग चोरून बसले. मी हाक मारली, तेव्हा त्यांनी आवाजाच्या दिशेने हात हलवला. डोळे मात्र उघडले नाहीत, कारण त्या रस्त्याला पुढे आणखी चार दुकानं होती.